स्नेक प्लांट घरात लावताना: काळी माती, कूलर आणि तुराटीची काडी

माझं पहिलं स्नेक प्लांट पोळ्याच्या सुमारास गेलं. मृगाचा पाऊस पडल्यावर आणलं होतं. वावरातली चांगली काळी माती आणली, त्यात शेणखत कालवलं, आणि सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यात उरलेलं या कुंडीत, असा नेम ठेवला. दोन महिने पानं हिरवीगार होती. मग एक दिवस मधलं सर्वांत मोठं पान बाजूला कललं. सरळ करायला धरलं तर अलगद हातात आलं. खालचं टोक उकडलेल्या बटाट्यासारखं गिजगिजीत झालं होतं, आणि त्याला नालीसारखा वास येत होता. कुंडी उलटी केली तेव्हा मातीचा अख्खा गोळा निघाला. बाहेरून कोरडा, आतून चिखल.

त्यानंतर नऊ वर्षांत माझ्याकडे या झाडाच्या तीस-पस्तीस कुंड्या झाल्या, कितीतरी पिल्लं गावात वाटली गेली. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते. आपल्या विदर्भात हे झाड उन्हानं क्वचित मरतं. ते मरतं काळ्या मातीनं आणि रोजच्या पाण्यानं. एवढं सांभाळलं तर बाकीच्या चुका ते पोटात घालतं.

झाडाचा स्वभाव

स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातलं. शास्त्रीय नाव पूर्वी सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा होतं, २०१७ पासून ते ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा झालं. नर्सरीत अजून दोन्ही नावं चालतात. आपल्या देशातही याची भाऊबंद जात आहे. तिला मूर्वा म्हणतात, आणि तिच्या पानांतल्या वाखापासून धनुष्याची दोरी वळत. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला मौर्वी म्हणतात ते त्यावरूनच.

मातीखाली याचा हळदीच्या गड्ड्यासारखा जाड आडवा कंद असतो. पाणी त्यात साठतं आणि पानांतही साठतं. पानांवरची सूक्ष्म छिद्रं बहुतेक झाडं दिवसा उघडतात. हे झाड ती रात्री उघडतं, म्हणजे दिवसाच्या तापात पाणी उडून जात नाही. निवडुंग आणि कोरफड यांचंही असंच. ज्याच्या पोटातच माठ भरलेला आहे त्याला रोज पाणी पाजायची गरज नाही, हे यावरून ध्यानात घ्या.

झाड आणताना काय पाहावं

नवीन माणसानं साधी उंच जात घ्यावी. हिरव्या पानावर राखी पट्टे असलेली, किंवा पिवळ्या काठाची, जिला लॉरेन्टी म्हणतात. दोन्ही दणकट आहेत. बुटकी, फुलासारखी पसरलेली, ‘हानी’ (Hahnii) नावाची जात दिसायला गोड असते, पण तिच्या मधल्या वाटीत पाणी साचलं की तिथूनच कुजते, म्हणून ती दुसऱ्या खेपेला आणा. चंदेरी पानांची मूनशाइन आणि काठीसारख्या गोल पानांची सिलिंड्रिका या दोन्ही छान, फक्त महाग मिळतात.

कुंडी हातात घेऊन पान बुडाशी दोन बोटांनी दाबून पाहा. ते काकडीसारखं घट्ट लागलं पाहिजे. मऊ लागलं तर कितीही सुंदर असो, ठेवून द्या. पान हलकेच हलवा. डुगडुगत असेल तर मुळं धरलेली नाहीत. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही आहे का तेही बघा. पराटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, पिठ्या ढेकूण पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येईल. उंची फार असलेलं झाड घेऊ नका. दोन-तीन पानं आणि बाजूला एखादा कोंब असलेलं लहान झाड घरात लवकर रुळतं.

खरं तर विकत घ्यायच्या आधी चौकशी करा. शाळेच्या व्हरांड्यात, बँकेत, एखाद्या पाहुण्याकडे भरलेली कुंडी असतेच. एक पिल्लू मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

आणलेलं झाड लगेच उपसू नका. आठ-दहा दिवस तसंच सावलीत राहू द्या, पाणीही देऊ नका. तेवढ्यात माती तयार करता येते.

माती: इथंच सगळं ठरतं

कपाशीला सोन्यासारखी असणारी आपली काळी माती कुंडीत या झाडाची वैरीण होते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. वावरात ते चालतं, कारण खाली कितीतरी खोली आहे आणि पराटीची मुळं पाणी ओढून घेतात. कुंडीत मात्र फुगलेली माती सगळ्या फटी बुजवते, मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेली मुळं कुजतात. वाळल्यावर तीच माती कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा राहतो. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

माझं प्रमाण असं आहे. माप म्हणून कोणताही एकच डबा घ्या. भरड वाळू दोन डबे, लाल किंवा मुरमाड माती एक डबा, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत अर्धा डबा, आणि विटांचे बोराएवढे तुकडे अर्धा ते एक डबा. बांधकामाजवळ फुटक्या विटा सहज मिळतात. वाळू भरडच हवी. प्लास्टरची चाळलेली बारीक वाळू मातीत मिसळली की थर घट्ट बसतो. वाळू दोनदा धुऊन घ्या, गढूळ पाणी निघून जाऊ द्या.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान होतं. तिथं धानाचं तूस अर्धवट जाळून होणारा काळा कोळसा मिसळा, माती त्यानं हलकी होते. पांढरी राख होईपर्यंत मात्र जाळू नका, ती फार खारी पडते. अकोला, अमरावती, यवतमाळकडे मुरूम मिळतोच, तो चाळून वरचे खडे वापरा आणि पीठ टाकून द्या. काही वाचकांना नाइलाजानं काळीच माती वापरावी लागेल. मग ती चार भागांत एक भागापेक्षा जास्त घेऊ नका.

शेणखताबद्दल एक गोष्ट नीट पाळा. उकिरड्यातून आणलेलं ओलं, गरम लागणारं खत चालत नाही. त्यात हुमणी असते, आणि कच्चं खत मुळं जाळतं. हातात घेतल्यावर चहापत्तीसारखं भुरभुरीत झालं पाहिजे आणि शेणाचा वास गेलेला असला पाहिजे. मी मे महिन्यात सगळी माती आंगणात पाल टाकून आठवडाभर उन्हात पसरते. त्या तापात उधई, अळ्या, बुरशी बऱ्याच मरतात.

मिश्रण झालं की परीक्षा घ्या. मूठभर ओलं करून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा राहिला आणि बोट लावताच फुटला, तर माती जमली. लाडवासारखा टणक राहिला तर अजून वाळू घाला. दुसरी परीक्षा भरलेल्या कुंडीची. तांब्याभर पाणी ओता, मिनिटभराच्या आत खालच्या भोकातून धार लागली पाहिजे.

कुंडी आणि लावणी

कुंभाराकडची साधी भाजलेली मातीची कुंडी सर्वांत चांगली. तिच्या अंगातून ओल बाहेर झिरपते, आणि आपली चूक ती थोडी झाकते. प्लास्टिकची चालेल, पण पाणी आणखी कमी द्यावं लागेल. पेंटची बादली किंवा तेलाचा डबा वापरणार असाल तर तापवलेल्या खिळ्यानं किंवा छिन्नीनं बुडाला करंगळी जाईल अशी पाच-सहा भोकं पाडा. एका भोकानं भागत नाही. भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवायचा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

कुंडी झाडाच्या मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन-तीन बोटंच मोठी हवी. झाडाला ऐसपैस जागा द्यावी असं मनात येतं, पण मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण कंद आडवा पसरतो. गर्दी या झाडाला आवडते. माझ्याकडे एक प्लास्टिकची कुंडी कंदांनी आतून ढकलून अंडाकृती केली आणि मग उभी चिरली, तोवर झाड मजेत होतं.

आता लावणी. जुन्या पिशवीतून झाड काढा आणि मुळांची माती बोटांनी हलकेच झाडा. नारळाच्या भुश्यात वाढवलेलं असेल तर तो भुसा शक्य तेवढा काढाच. तो एकदा पूर्ण वाळला की पाणी शोषत नाही आणि ओला झाला की सोडत नाही. काळी, मऊ, ओढताच साल सुटणारी मुळं कात्रीनं कापा. कापलं असेल तर झाड दोन दिवस सावलीत उघडं ठेवा, जखम वाळू द्या. मग कुंडीत अर्धी माती, त्यावर कंद, आणि कंद जेमतेम झाकेल एवढीच वर माती. पानांचा बुडखा खोल पुरू नका. झाड कलत असेल तर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, आधार द्या, महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात. लावल्यावर पाच-सात दिवस पाणी नाही. मातीत असलेली ओल पुरते.

कुठं ठेवाल

हे झाड अंधारात जगतं असं सांगितलं जातं. ते अंधार सोसतं, हे खरं. पण सोसणं वेगळं आणि वाढणं वेगळं. आपल्याकडच्या जुन्या कवेलूच्या घरांत माजघराला एखादा झरोका असतो. तिथं ठेवलेली कुंडी वर्षभर जशीच्या तशी राहील, नवं पान काढणार नाही, आणि त्या उजेडात माती वाळायला महिना लागेल.

उजेड पुरतो की नाही हे पाहायला मी दुपारी बारा वाजता दिवा न लावता त्या जागी बसून वर्तमानपत्र वाचते. अक्षरं सहज वाचता आली तर जागा चांगली. डोळे ताणावे लागले तर तिथं झाड कायमचं ठेवू नका. मी अशा जागांसाठी दोन कुंड्यांची जोडी करते. एक सपरीत, म्हणजे ओसरीवर, एक आत, आणि दर पंधरा-वीस दिवसांनी अदलाबदल.

पूर्वेची खिडकी सगळ्यांत उत्तम. सकाळचं कोवळं ऊन दोन तास मिळालं तर पानं जाड आणि ताठ होतात. पश्चिमेच्या खिडकीपासून मार्च ते जून कुंडी हात-दोन हात आत सरकवा. पारा ४५ च्या वर गेल्यावर काचेतून येणारं ऊन पानावर आधी पांढुरका, मग कागदासारखा तपकिरी डाग पाडतं. तो डाग जात नाही. टिनाच्या छपराचं घर असेल तर उंच कपाटावर कुंडी ठेवू नका, छपराखालची हवा भट्टीसारखी तापते. उन्हाळ्यात खाली, भिंतीच्या कडेला, विटांवर ठेवा. विटा यासाठी की कुंडीच्या बुडाखाली हवा खेळली पाहिजे.

थंडीचंही सांगते, कारण ते विसरलं जातं. डिसेंबर-जानेवारीत नागपूर, गोंदियाकडे पहाटे पारा १० च्या खाली उतरतो. हे उष्ण प्रदेशातलं झाड आहे. सपरीत उघड्यावर असेल तर रात्री आत घ्या. गारठ्यानं पानावर ओलसर, खोलगट चट्टे पडतात आणि ते पुढे कुजतात.

पाणी, आणि तुराटीची काडी

आठवड्यातून एकदा पाणी द्या, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो आपल्या कामाचा नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यातला आठवडा आणि ऑगस्टमधल्या झडीचा आठवडा सारखा कसा असेल?

वाळलेली, सरळ, पेन्सिलीएवढी तुराटी घ्या. सोलून पांढरी करा. कुंडीच्या कडेनं, कंदाला लागणार नाही अशी, बुडापर्यंत खुपसा. पाच मिनिटं थांबा. बाहेर काढून आधी पाहा, मग गालाला लावा. तळहातापेक्षा गालाला गारवा लवकर कळतो. काडीला माती चिकटली असेल, टोक काळसर ओलं दिसत असेल किंवा गालाला गार लागलं, तर पाणी नाही. काडी जशी गेली तशी कोरडी आली, तर आणखी दोन दिवस थांबा आणि मग पाणी द्या. महिनाभर असं केलं की कुंडी उचलून वजनावरूनच कळायला लागतं.

द्यायचं तेव्हा पोटभर द्या. खालून धार येईपर्यंत, मातीवर, पानांच्या मधोमध नाही. ताटलीत साचलेलं पाणी दहा मिनिटांनी फेकून द्या. रोज घोटभर पाणी देणं सर्वांत वाईट, त्यानं वरचा थर कायम ओला राहतो आणि खालची मुळं तहानलेली राहतात.

माझ्या घरी या काडीच्या हिशेबानं उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, पावसाळ्यात तीन ते चार आठवड्यांनी आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा पाणी लागतं. तुमच्या घरी वेगळं येईल. माझा आकडा नको, तुमची काडी बघा.

कूलरचं प्रकरण इथं फार महत्त्वाचं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, बाहेर फुफाटा असतो, म्हणून आपण झाडाला पाणी वाढवतो. पण घरात कूलर चालू असतो, आणि त्याच्या हवेत इतका दमटपणा असतो की पापडसुद्धा सादळतात. त्या खोलीतली कुंडी आपल्याला वाटतं त्याच्या निम्म्या वेगानंही वाळत नाही. कूलरच्या थेट झोतात ठेवलेली माझी दोन झाडं ऐन मे महिन्यात बुडातून कुजली. म्हणून कूलरच्या खोलीतल्या कुंडीला पाणी कमी, आणि झोतापासून दूर ठेवा.

पाणी कोणतं, हेही पाहावं लागतं. अकोला, बुलडाणा, अमरावती जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी महिनोन्महिने दिलं की मातीवर पांढरी पापडी धरते आणि पानांची टोकं जळतात. तिथं पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा, या झाडाला वर्षभरात लागतं तरी किती. नळाचं गोडं पाणी मिळत असेल तर तेही चालेल. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी आणि आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी कुंडीत ओतू नका. दोन्हींत क्षार साठलेले असतात. पापडी धरलीच असेल तर वरची बोटभर माती काढून नवी घाला आणि एकदा चांगल्या पाण्यानं कुंडी दोन-तीनदा धुऊन निघेल इतकं पाणी देऊन पूर्ण निथळू द्या.

खत आणि निगा

खत थोडं. मृगानंतर एक मूठ गांडूळखत, दसऱ्याच्या आसपास अर्धी मूठ, बस. वावरातला उरलेला युरिया घालू नका. पानं लांब, लुळी होतात आणि मधोमध वाकतात.

कापूस वेचून घरात भरलेला असतो तेव्हा, आणि सोयाबीन निघतं तेव्हा, पानांवर धुळीचा थर बसतो. ओल्या सुती फडक्यानं पान खालून हाताचा आधार देऊन पुसा. चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावू नका, छिद्रं बुजतात. टोक कात्रीनं कापून सारखं करू नये, कापलेलं पान उंचीला वाढत नाही.

झाड आजारी पडलं तर

बुडाशी पिवळं आणि मऊ म्हणजे पाणी जास्त झालं. त्याच दिवशी उपसा. कंद निरोगी पांढरा-केशरी दिसेपर्यंत कुजकं कापून टाका, चाकू दर वेळी पुसा, कापलेल्या जागी कोळशाची पूड लावा, तीन-चार दिवस सावलीत वाळवा आणि कोरड्या नव्या मातीत लावा. वरचं पान चांगलं असेल तर त्याचे तुकडे करून नवी झाडं करता येतात, ते पुढे सांगते.

पान सुरकुतलं असेल तर लगेच तांब्या उचलू नका. तहानेनं सुरकुततं, तसंच मुळं मेल्यावरही सुरकुततं. काडी घालून पाहा. माती कोरडी असेल तर पाणी द्या, चार-पाच दिवसांत पान भरून येतं. माती ओली असून पान सुरकुतलेलं असेल तर मुळं गेली आहेत, झाड उपसून बघा.

पिठ्या ढेकूण दिसले तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, आठवड्यानं पुन्हा. उन्हाळ्यात पान निस्तेज, बारीक ठिपक्यांचं आणि बेचक्यात जाळी दिसली तर लाल कोळी आहे. पान धुऊन काढा, मग निंबोळी अर्क फवारा. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि सायंकाळी फवारा.

कपाशीवर फवारायचं औषध घरातल्या झाडावर कधीही, थेंबभरही वापरू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, आणि ते उघड्या वावरात. जिथं लेकरं झोपतात त्या खोलीत त्या डब्याचं झाकणही उघडायचं नाही.

साप, ऑक्सिजन, आणि घरातली लेकरं-जनावरं

या झाडानं साप येतात का, असं मला दर दुसरी बाई विचारते. काही जणी उलट सापाला पळवतं म्हणून मागतात. दोन्ही खरं नाही. नाव पानावरच्या पट्ट्यांवरून पडलं. साप येतो तो उंदीर-बेडकांमागे आणि अडगळीत. म्हणून कुंड्या भिंतीला चिकटून जमिनीवर दाटीनं ठेवू नका, विटांवर ठेवा आणि खालची जागा झाडून घ्या. रात्री कुंडी हलवायची तर आधी टॉर्च मारा.

रात्री ऑक्सिजन सोडतं म्हणून झोपायच्या खोलीत ठेवा, असंही नर्सरीत सांगतात. हे झाड रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं. ऑक्सिजन मात्र उजेडातच तयार होतो. हे झाड घरातली हवा शुद्ध करतं असंही म्हणतात, ती गोष्ट १९८९ साली नासानं केलेल्या प्रयोगावरून आली. तो प्रयोग लहान, बंद पेटीत होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की दारं-खिडक्यांतून घरात जेवढी हवा आपोआप खेळते तेवढा परिणाम मिळवायला प्रत्येक चौरस मीटरला किमान दहा आणि कधी हजारपर्यंत कुंड्या लागतील. चुलीचा धूर काढायला खिडकी उघडा. झाड लावा ते सुंदर आहे म्हणून, आणि आपल्या उन्हाळ्यातही हिरवं राहतं म्हणून.

पानांत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. मांजर, कुत्रा किंवा लहान मूल पान चावलं तर लाळ गळते, उलटी किंवा जुलाब होतात. रांगतं बाळ असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवा. बकरीचं पिल्लू आंगणातून आत येत असेल तर त्याच्याही तोंडाला लागू देऊ नका. मुलानं पान खाल्लंच तर तोंड धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एकाची चार झाडं

पिल्लं वेगळी करायला मृग ते पोळा हा काळ चांगला. माती कोरडी असताना झाड उपसा. आईच्या कंदापासून फुटलेलं पिल्लू शोधा. त्याची उंची आईच्या निम्मी झाली असेल आणि त्याला स्वतःची दोन-चार मुळं असतील तेव्हाच धारदार चाकूनं मधला दांडा कापा. दोन दिवस सावलीत वाळवा आणि लहान कुंडीत लावा.

पानापासूनही झाड होतं, पण वेळ लागतो. निरोगी पानाचे चार-चार बोटांचे तुकडे करा. इथं नवा माणूस हमखास फसतो. तुकड्याची खालची बाजू खालीच गेली पाहिजे, उलटा लावला तर मुळं फुटत नाहीत. म्हणून कापतानाच खालच्या कडेला उलट्या व्ही आकाराची खाच घ्या, म्हणजे चुकत नाही. तुकडे तीन दिवस वाळू द्या, मग बोटभर खोल धुतलेल्या वाळूत उभे करा. वाळू जेमतेम ओलसर ठेवा. मुळं यायला महिना-दीड महिना, आणि वाळूतून पहिला टोकदार कोंब वर यायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. तोवर उपटून बघायचा मोह आवरा. पिवळ्या काठाच्या लॉरेन्टीचे तुकडे लावले तर येणारं पिल्लू साधं हिरवं निघतं, काठ जातो. काठ हवा असेल तर कंदाचंच पिल्लू घ्या.

जुनं, कुंडीत दाटलेलं झाड कधी फुलोरा काढतं. पांढरट हिरवी बारीक फुलं, रात्री मंद गोड वास, आणि देठावर मधासारखे चिकट थेंब. माझ्याकडे नऊ वर्षांत दोनदाच आला. दोन्ही वेळा सपरीतल्या कुंडीला, आणि वासानं रात्री बंगईवर बसलेल्या सासूबाईंना आधी कळलं. फुललेला बुडखा पुन्हा नवी पानं काढत नाही, पण बाजूला पिल्लं फुटतात, म्हणून तो उपटू नका.

शेजारणी पिल्लू मागायला आल्या तर मुळांना माती न लावता, कागदात गुंडाळून द्या. वाटेत दोन-तीन दिवस गेले तरी त्याला काही होत नाही. लावल्यावर आठवडाभर पाणी घालायचं नाही, आणि काळ्या मातीत लावायचं नाही, हे मात्र देतानाच सांगा.